दुसरा कागद

बोरीवली (प.)
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय जॅकी मावशी,

तू फोन उचलत नाहीस. आठ वेळा केला. नेल्सनने केला की दुसऱ्या रिंगला उचलतेस, हे त्यानेच मला सांगितलं, तेव्हा फोन बिघडलाय वगैरे लिहू नकोस. म्हणून हे पत्र. जेट्टीवरून होडी पंधरा मिनिटांत गोराईला पोचते आणि पोस्टाला पाच दिवस लागतात, पण पोस्टमन निदान तुझ्या हातात देतो.

कामाचं सांगते. मला रात्रीची गोळी कमी करायची आहे. सोडायची नाही, कमी करायची. सकाळची गोळी आहे तशीच राहणार, ती डोकं जागेवर ठेवते आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्रीची मात्र मला सकाळी दहापर्यंत सोडत नाही. आमच्या शाळेचं ऑफिस सातला उघडतं. मम्मा साडेपाचपासून मला हलवते, तोंडावर पाणी मारते, बाहीत हात घालून देते. मी अडतीस वर्षांची आहे, मावशी. ऑफिसात दीप्ती माझ्या वाटचे दाखले लिहिते आणि मी मुलांची नावं भलत्याच रकान्यात टाकते. गेल्या महिन्यात हेडमिस्ट्रेसने मेमो दिला. पाच वर्षांत मी एकदाही गोळी चुकवलेली नाही आणि पाच वर्षं बरी आहे. मला माझी सकाळ परत हवी आहे, एवढंच.

डॉक्टर पद्मजा नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, आधी तयारी, मग गोळी. तीन कागद दिलेत. पहिल्यावर रोजची झोप लिहायची. दुसऱ्यावर, मागच्या वेळी आजार उलटला तेव्हा अगदी सुरुवातीला काय काय बदललं ते. तिसऱ्यावर मदतीच्या माणसाचं नाव. हा माणूस डॉक्टरांसमोर बसून सगळं ऐकणार, आणि गोळी कमी होत असताना माझ्यात काही वेगळं दिसलं तर तोंडावर सांगणार. तिन्ही कागद भरले की मग अगदी थोडी थोडी, मध्ये काही आठवडे जाऊ देत कमी करायची. झोप बिघडली की थांबायचं आणि त्यांना कळवायचं.

पहिला कागद चालू आहे. दुसरा कोरा आहे. २०१९च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं मला जवळजवळ काही आठवत नाही. राखेच्या बुधवारी तुझ्याकडे राहायला आले, गोळ्या सोडल्या, आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलच्या छताचा पंखा आठवतो. मधले पंधरा दिवस मी तुझ्या घरात होते. ते फक्त तू पाहिलेस.

शनिवार, २१ सप्टेंबरला अकरा वाजता दवाखान्यात बोलावलंय. मम्मा येत नाही म्हणते. सख्खा भाऊ असून नेल्सन मुलुंडहून यायला तयार नाही, वर मला विचारतो, चांगली चाललीयेस ना, मग चालत्या मशीनला हात कशाला लावतेस? तू ये. तू माझी गॉडमदर आहेस. बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या वतीने चर्चमध्ये तू हो म्हणाली होतीस, आता एकदा दवाखान्यात म्हण.

तुझी,
पॅटी


गोराई
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय पॅटी,

येशू तुला सांभाळो. परवा मारियेच्या सणाला तुझ्या नावाने मेणबत्ती लावली. पत्र मिळालं. फोनचं म्हणशील तर माझ्या कानात हल्ली घुमतं. नेल्सनचा आवाज जाड आहे म्हणून ऐकू येतो, तुझा बारीक आहे.

गुडघ्याने जीव नकोसा केलाय. जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, मागच्या आठवड्यात एक बाई पडली. भातात तण माजलंय, दोन बाया लावल्यात पण त्यांच्या मागे उभं राहावं लागतं. तुझे जॉनी काका होते तेव्हा मला शेताकडे बघावं लागत नव्हतं.

बाळ, गोळी तुला लागू पडलीय. कशाला तिच्या वाटेला जातेस? झोप येते तर येऊ दे, किती लोकांना ती येत नाही. नेल्सन सांगत होता, तू मम्मावर ओरडलीस. ते काही मला बरं वाटलं नाही. आपल्या फादरना सांगून मी चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा ठेवते. जुनं कशाला उकरायचं? त्या वेळचं मलाही आता धड आठवत नाही. वय झालं.

शेजारची शेवंती भाजी घेऊन तुमच्या मार्केटला येते, तिच्या हाती दुधी आणि थोडे सुके बोंबील पाठवते. मम्माला सांग, बोंबलांना ऊन दाखवून घे.

तुझी,
जॅकी मावशी


बोरीवली
रविवार, २५ ऑगस्ट

मावशी,

बोंबील मिळाले. मिस्सा नको. मला तू हवी आहेस.

मी ओरडले, बरोबर. का ओरडले ते नेल्सनने सांगितलं का? पाच वर्षं माझ्या गोळ्यांचा डबा मम्माच्या कपाटात कुलपात आहे. रोज रात्री ती एक गोळी तळहातावर ठेवते, मी गिळते, मग ती म्हणते तोंड उघड, आणि जिभेखाली बघते. रोज, न चुकता. परवा पाव्हणे बसले होते, त्यांच्यासमोर म्हणाली तोंड उघड. त्यावर कोणीही ओरडलं असतं. पण दुसऱ्या कोणी ओरडलं तर तो राग असतो, मी ओरडले की तो आजार असतो. मी हसले तरी मम्मा घड्याळ बघते, किती वेळ हसतेय म्हणून. नवीन चप्पल घेतली तर नेल्सनचा फोन, पॅटी, खर्च वाढलाय का? वैताग आलाय मला. साधं वैतागायचीही चोरी झालीय.

त्यांचाही दोष नाही, हे मला कळतं. त्या वेळी मी एका दिवसात घरच्या ग्रुपवर दोनशेच्या वर व्हॉइस मेसेज टाकले होते. ते अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत. एका बारशाला कोणीतरी ते लावून हसत होतं, मी मागे उभी होते. तेव्हापासून मी बटणवाला फोन वापरते. आणि घरात सगळ्यांचं एकच पाठ झालंय, पॅटीने मनाला आलं आणि गोळ्या फेकून दिल्या. मलाही तसंच वाटतं, कारण मला दुसरं काही आठवत नाही. म्हणूनच ह्या वेळी मी काहीही मनाने करत नाहीये. डॉक्टरांना विचारून, कागद भरून, नीट तयारी करून करतेय. शहाण्यासारखं करायला गेले तर एक माणूस सोबत यायला तयार नाही.

तुला धड आठवत नाही म्हणतेस. माझ्या बाप्तिस्म्याला केकवर कुठल्या रंगाची फुलं होती ते तुला आठवतं. एकवीस तारखेला साडेनऊला मी जेट्टीवर येते, हात धरून उतरवते. पायऱ्यांची काळजी माझी.

पॅटी


(पोस्टकार्ड)
गोराई
१८ सप्टेंबर

प्रिय पॅटी, शनिवारी जमणार नाही. गुडघा सुजलाय, पाय टेकवत नाही. डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग. रागावू नकोस. जॅकी मावशी.


बोरीवली
सोमवार, २३ सप्टेंबर

मावशी,

तुझं पोस्टकार्ड आज आलं. शनिवारी मी साडेनऊपासून जेट्टीवर उभी होते. तीन होड्या पाहिल्या. तिसरीतून शेवंती उतरली, डोक्यावर भाजीची टोपली. मी विचारलं, मावशी कशी आहे, गुडघा फार दुखतोय का? ती बिचारी सरळ म्हणाली, "बरी हाय की. सकाळीच शेतावर गेली, गवताचा भारा घेऊन."

काय लिहू? तुला यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मी मम्माशी भांडून एक दिवसाची सुट्टी काढली होती. धावत दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, झोपेचा कागद छान भरलाय, पण दुसरा कोरा असताना मी गोळीला हात लावणार नाही. म्हणाल्या, पॅट्रिशिया, गाडी कुठे वळते ते माहीत नसताना आपण रस्त्याला लागायचं नाही. मला त्यांचा राग आला आणि त्या बरोबर आहेत हेही कळलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी रिक्षात रडले.

पुढची तारीख १६ नोव्हेंबर. तू येऊ नकोस. फक्त लिहून पाठव. मी पहिल्या दिवसापासून कशी होते, झोप, जेवण, बोलणं, काहीही. चार ओळी लिही. एवढं तरी कर.

पॅटी


गोराई
१२ ऑक्टोबर

प्रिय पॅटी,

सुगीचा आगेरा झाला. ह्या वर्षी भाताच्या लोंब्या घेऊन मिरवणुकीत पुढे चालायचा मान आपल्या घराला होता. फादरनी आशीर्वादित केलेल्या लोंब्यांतली एक तुझ्यासाठी पाकिटात घातलीय, घरच्या आल्तारावर लाव.

गुडघ्याचं मी थोडं वाढवून लिहिलं, मला माफ कर. तू मागितलंस ते लिहिते. तू माझ्याकडे होतीस तेव्हा चांगली होतीस. वेळेवर जेवायचीस, झोपायचीस. पहाटे प्रार्थनेला उठायचीस. आजाराचं असं काही मला दिसलं नाही. एकाएकी झालं, वीज पडावी तसं. एका दिवसात. गोळ्या तू तुझ्या मनाने सोडल्यास, मला नंतर कळलं.

आता हे डॉक्टरबाईंना दे आणि हा विषय संपव. नाताळला ये, आपण करंज्या करू.

जॅकी मावशी


बोरीवली
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

काल तुझं पत्र डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, ह्या बाईंना नक्की एवढंच दिसलं का? मी म्हटलं, हो, तिनेच पाहिलंय, तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आजार जर अजिबात सूचना न देता एका दिवसात उलटत असेल, तुला स्वतःला कळत नसेल आणि शेजारी झोपणाऱ्या माणसालाही दिसत नसेल, तर मी हा धोका घेणार नाही. निदान आत्ता नाही. आहे तीच गोळी चालू ठेवू. सकाळच्या सुस्तीसाठी वेळ थोडी अलीकडे घेऊन बघू.

वेळ अलीकडे घेऊन आम्ही दोन वर्षांपूर्वीच बघितलंय.

मी भांडले नाही. भांडायला काही उरलं नाही. चार महिने मी झोपेचा कागद भरला, एक दिवस सोडला नाही. चहा चारनंतर बंद केला. मला वाटत होतं, कुठेतरी एखादी खूण असेल. मी जास्त बोलायला लागत असेन, नाहीतर जेवण विसरत असेन, आणि ती खूण सापडली की मी स्वतःच हात वर करीन. पण तशी खूणच नाही. मला माझं काही कळत नाही, कधीच कळलं नव्हतं. मम्मा जिभेखाली बघते ते बरोबरच करते. काल रात्री तिने म्हणायच्या आधी मी तोंड उघडलं.

पुढची तारीख ११ जानेवारी आहे, पण ती फक्त चिठ्ठी नवी करून घ्यायला. दुसरा कागद मी फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय. तुला त्रास दिला, माफ कर. लोंबी आल्तारावर लावली.

पॅटी


गोराई
२८ नोव्हेंबर

पॅटी,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. तुला स्वतःचं काही कळत नाही असं तू लिहिलंस. ते खोटं आहे आणि ते खोटं माझ्या पत्रातून आलंय. आता खरं लिहिते. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

जॉनी काका प्यायचा हे तुला माहीत आहे. सुटला कसा ते तू लहान असल्यामुळे तुला माहीत नाही. एका उपवासकाळात, सगळे आवडीचं काहीतरी सोडतात तेव्हा, मी त्याच्या बाटल्या उचलून घरच्या आल्तारावर मारियेच्या पुतळ्यामागे ठेवल्या आणि सांगितलं, चाळीस दिवस हे देवाचं. दहाव्या दिवशी तो माझ्या पाया पडला, थोडी दे म्हणून. मी दिली नाही. चाळीस दिवस झाले आणि मरेपर्यंत त्याने परत हात लावला नाही. सगळं गाव म्हणायचं, जॅकलिनने नवरा वाचवला. मीही तेच समजून चालले.

२०१९ला तू आलीस. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी येताना तू थट्टेत म्हणालीस, मावशी, मी ह्या वर्षी काय सोडू, मटण तर मला आवडतच नाही. मी म्हटलं, गोळ्या सोड. तू म्हणालीस, डॉक्टरांना विचारायला लागेल. मी म्हटलं, मी देवाला विचारलंय. तुझ्या बॅगेतून गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून मीच पुतळ्यामागे ठेवल्या. तू मनाने सोडल्या नाहीस. मला गोळ्यांचा राग होता, माझ्या पॅटीला कोणी पेशंट म्हणतं ह्याचा राग होता.

आता तुझा दुसरा कागद. चौथ्या दिवशी तू पहाटे तीनला उठायला लागलीस. सहाव्या दिवसापासून ताटात अर्धं ठेवून उठायचीस आणि पूर्वी दहा वाक्यांत सांगायचीस ते शंभर वाक्यांत सांगायचीस. आठव्या दिवशी काथ्या घेऊन गावचा क्रूस घासायला गेलीस आणि ऊन चढलं तरी परत येईनास. बाया विचारत होत्या, मी त्यांना म्हटलं, पोरीवर देवाची कृपा झालीय.

दहावा दिवस शुक्रवार होता. क्रुसाची वाट करून आपण घरी आलो. दारातच तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मावशी, मला काहीतरी होतंय. डोक्यातलं थांबत नाही. माझी गोळी दे." अगदी शांतपणे म्हणालीस. मी म्हटलं, दहाव्या दिवशीच सैतान येतो, जॉनीलाही आला होता, तीस दिवस राहिलेत. तू आल्ताराकडे गेलीस, मागे हात घातलास. पट्टी एका टोकाला तू धरलीस आणि एका टोकाला मी. ती फाटली. तुझ्या हातात रिकामा तुकडा आला, गोळ्या माझ्याकडे राहिल्या. मग तू आत जाऊन बसलीस.

त्यानंतर पाच दिवसांनी नेल्सनने तुला नेलं. त्याने मला विचारलं, गोळ्या कुठे आहेत? मी म्हटलं, तिने टाकल्या. त्या अजून तिथेच आहेत, पुतळ्यामागे. मला टाकता येत नाहीत आणि तिथे ठेवून प्रार्थना करता येत नाही.

तुझा फोन मी उचलत नाही, कारण तू मावशी म्हणालीस की मला ते दार आठवतं. तुला सगळ्यात आधी कळलं होतं, पॅटी. कळलं नाही ते मला. हे पत्र डॉक्टरबाईंना दाखव. नेल्सनला आणि मम्मालाही दाखव.

जॅकलिन


बोरीवली
८ डिसेंबर

पत्र मिळालं. मला सध्या काही लिहू नकोस आणि नाताळचं काही पाठवू नकोस.

पॅट्रिशिया


बोरीवली
रविवार, १२ जानेवारी २०२५

मावशी,

काल तू दवाखान्याच्या बाकावर बसलेली दिसलीस तेव्हा मी उलट फिरणार होते. चर्चची साडी, मांडीवर पिशवी, आणि कोणाकडेही न बघता बसलेलीस. शेवटी मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तासभर आपण एक शब्द बोललो नाही, म्हणून आज लिहायला घेतलं.

आधी रागाचं सांगते. सहा आठवडे मी भयंकर रागात होते आणि अजून आहे. तू गोळी दिली नाहीस ह्याचा राग आहेच, पण तो मला समजतो, जॉनी काकाचं वाचून जास्त समजला. खरा राग पुढच्या पाच वर्षांचा आहे. तू एक वाक्य बोलली असतीस तर मम्माने माझ्या जिभेखाली बघितलं नसतं. एवढी वर्षं मी स्वतःला घाबरून राहिले. सप्टेंबरमध्ये जेट्टीवर, ऑक्टोबरमध्ये पत्रात, दोनदा तुला संधी होती आणि दोन्हीदा तू मलाच खोटं पाडलंस. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. होईल तेव्हा कळवीन.

आता डॉक्टरांच्या खोलीतलं. तू पिशवीतून ती फाटकी पट्टी काढून टेबलावर ठेवलीस आणि जमिनीकडे बघून दिवस सांगत गेलीस, चौथा, सहावा, आठवा, दहावा. त्या लिहून घेत होत्या. तू बाहेर गेल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "दहाव्या दिवशी तू स्वतः ओळखलंस आणि मदत मागितलीस. मला ह्याहून जास्त काही नको होतं." मी तिथेच रडले. ह्या वेळी लाज वाटली नाही.

संध्याकाळी मम्माला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने उठून कपाट उघडलं, डबा आणून माझ्या उशाशी ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी. रात्री मी माझी गोळी माझ्या हाताने घेतली. नेल्सनला मम्माच्या फोनवरून पत्राचा फोटो पाठवलाय. आज सकाळी तो फोनवर मम्माला म्हणाला, पॅटीला सांग पुढच्या वेळी मी गाडी घेऊन येतो.

डॉक्टर फेब्रुवारीपासून सुरू करायला तयार होत्या. मी नाही म्हटलं. मग लगेच उपवासकाळ लागतो, आणि त्या दिवसांत मी काही सोडते आहे असं मला कोणाला वाटू द्यायचं नाही, मलाही नाही. ईस्टर वीस एप्रिलला आहे. त्यानंतरच्या सोमवारी पहिला छोटा भाग कमी होईल, मग सहा आठवडे तसंच. आधी घाई मला होती, आता थांबायचंही मीच ठरवलंय.

दुसऱ्या कागदाची नक्कल सोबत जोडलीय, ती फ्रीजवर लाव. तिसऱ्या कागदावर मी तुझं नाव लिहिलंय. दीप्तीचं लिहिणार होते, ती लगेच हो म्हणाली असती. पण माझ्यातला चौथा दिवस कसा दिसतो ते दीप्तीला माहीत नाही. तो फक्त तुला माहीत आहे, आणि परत दिसला तर त्याला कृपा म्हणायची तुझी हिंमत होणार नाही, ह्याची मला खात्री आहे.

नावाच्या खाली डॉक्टरांनी एक रिकामी ओळ दिलीय, मदतीच्या माणसाने काय करायचं ते पेशंटने स्वतः लिहायची. मी लिहिलंय ते तुला वाचून दाखवते. मी गोळी परत मागितली तर दिवस मोजायचे नाहीत, प्रार्थना सांगायची नाही, कारण विचारायचं नाही. डबा माझ्या हातात द्यायचा आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन लावायचा. खाली तुझी सही लागेल.

त्या पुतळ्यामागच्या बाकीच्या दोन पट्ट्या डॉक्टरांकडे आणून दे, त्या नीट नष्ट करतील. मग तिथे प्रार्थना कर.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी संध्याकाळी सहाला मी फोन करते. पुढे कधीतरी, सगळं नीट झालं तर, सकाळी सहाला करीन.

दोन्ही वेळा उचल.

पॅटी